तीन ओळींची आघाडी

माझी दुरुस्ती चौदा विरुद्ध नऊ मतांनी पडली. ऑक्टोबर २००१ मधला बुधवार, पूर्व लंडनमधल्या एका ग्रंथालयाची वरच्या मजल्यावरची खोली, भाडं संध्याकाळचे बारा पौंड. आमच्या भागातल्या युद्धविरोधी गटाची ती दुसरीच बैठक. ७ ऑक्टोबरला अफगाणिस्तानवर बॉम्बफेक सुरू झाली होती आणि आम्ही तेवीस जण एका पानाचा ठराव पक्का करायला बसलो होतो. मला त्यात एक वाक्य हवं होतं: तालिबानच्या राजवटीचा आणि तिथल्या बायकांवर होणाऱ्या जुलमाचा आम्ही निषेध करतो. सव्वा तास खल झाला, हात वर झाले, मोजले गेले, आणि वाक्य बाहेर राहिलं.

मी निघालेच होते. कोटाची बटणं लावून झाली होती, छत्रीही उचलली होती. माझ्या शेजारी चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका बसायच्या. १९५८ च्या ईस्टरमध्ये अण्वस्त्रांविरुद्ध लंडनहून ऑल्डरमास्टनपर्यंत चार दिवस चालत मोर्चा गेला होता, त्यात त्या होत्या. मनातल्या मनात मी त्यांना आजी म्हणायचे. त्या म्हणाल्या, “जायचं तर जा. पण मिनिट्सची वही तुझ्याकडे आहे. तुझी दुरुस्ती पडली हे कोण लिहिणार?”

मी परत बसले आणि लिहिलं. मांडणारी: मी. अनुमोदन: आजी. बाजूने नऊ, विरोधात चौदा.

आघाडी कशी बांधतात असं हल्ली तरुण मुलं विचारतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर इराक युद्धाविरुद्धच्या १५ फेब्रुवारी २००३ च्या मोर्चाचे फोटो असतात. हाइड पार्कपर्यंत नुसती माणसंच माणसं. मला मात्र तो बुधवार आठवतो. फोटोतली गर्दी ज्यावर उभी राहिली ते काम अशाच खोल्यांत झालं, आणि त्यातलं निम्मं काम कुठलं वाक्य घालायचं नाही हे ठरवण्याचं होतं.

मी या सगळ्यात आले कशी तेही सांगते. मी तेव्हा एका रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करत होते. ११ सप्टेंबरला आमच्याकडे दुपार होती. कॅन्टीनच्या टीव्हीसमोर सगळे उभे होते, चहा गार होत होता, कुणी बोलत नव्हतं. पुढच्या आठवड्यात आमच्या एका शीख वॉर्डबॉयवर बसमध्ये कुणीतरी थुंकलं. डोक्याला रुमाल बांधणारी माझी सहकारी बसने यायची बंद झाली. तिचा भाऊ तिला गाडीने सोडायला लागला. लेबर पार्टीचे पंतप्रधान टोनी ब्लेअर अमेरिकेच्या खांद्याला खांदा लावून उभं राहण्याची भाषा करत होते. आणि युनियनच्या फळ्यावर एक हाताने लिहिलेला कागद लागला: शुक्रवार, २१ सप्टेंबर, फ्रेंड्स हाउस, युस्टन रोड.

फ्रेंड्स हाउस म्हणजे क्वेकर पंथाच्या लोकांचं मुख्यालय, युस्टन स्टेशनच्या समोर. सतराव्या शतकापासून ही मंडळी कुठल्याच युद्धात शस्त्र धरायचं नाही म्हणत आली आहेत. मला वाटलं शंभर-दीडशे माणसं असतील. दोन हजारांहून जास्त होती. मोठं सभागृह भरलं, बाजूच्या खोल्या भरल्या, मी जिन्यात उभी होते. बोलणाऱ्यांपैकी एकाचाही चेहरा मला दिसला नाही, आवाज तेवढे कानावर येत होते. दहा दिवसांपूर्वी जवळजवळ तीन हजार माणसं मेलेली. अशा वेळी युद्ध नको हे बोलायला सुरुवात कुठून करायची? सुरुवात मेलेल्यांपासूनच झाली. हल्ल्याचा निषेध, त्यांच्या घरच्यांबद्दल सहवेदना, आणि मग पुढचं. ते मला पटलं. दुसऱ्याच्या दारात सुतक असताना तुम्ही आधी आपलं म्हणणं मांडायला लागलात, तर तुमचं म्हणणं कितीही खरं असो, कुणी ऐकत नाही.

त्या सभेतून आणि पुढच्या काही आठवड्यांच्या बैठकांतून ‘स्टॉप द वॉर कोअलिशन’ उभी राहिली. लिंडसे जर्मन निमंत्रक, अँड्र्यू मरे अध्यक्ष. आणि कार्यक्रम मोजून तीन ओळींचा: युद्ध थांबवा; वंशद्वेषी सूड रोखा; नागरी स्वातंत्र्य जपा. झालं. साम्राज्यवादावर पानभर विवेचन नाही, समाजवाद नाही, शांततावाद नाही, इस्लामबद्दल एक अक्षर नाही. आपल्याकडे किमान समान कार्यक्रम म्हणतात तोच हा. फरक एवढाच की इथे सत्तेत कुणालाच बसायचं नव्हतं, त्यामुळे ‘किमान’ला खरोखर किमान ठेवणं जमलं.

तीन ओळीच का, हे आमच्या खोलीत एकदा नजर फिरवली की कळायचं. एकमेकांशी वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या दोन डाव्या पक्षांची माणसं. आयुष्यभर लेबर पार्टीला मत दिलेला आणि आता घरातल्या माणसाने दगा द्यावा तसा दुखावलेला एक पोस्टमन, आपल्या युनियनचा शाखा सचिव. दोन क्वेकर बहिणी, त्यांना हिटलरविरुद्धचं युद्धही मान्य नव्हतं. ऑल्डरमास्टनच्या आजी, कोटावर तो गोल बिल्ला लावून. (जेराल्ड होल्टमने त्याच मोर्चासाठी काढलेली ती खूण, झेंड्यांच्या सांकेतिक लिपीतली एन आणि डी ही दोन अक्षरं एकावर एक ठेवलेली, न्यूक्लिअर डिसआर्मामेंटची.) जवळच्या मशिदीच्या कमिटीवरचे मीरपूरचे चाचा, कापडाच्या घाऊक धंद्यातले, त्यांची पांढरी व्हॅन पुढे आमचं सगळं सामान वाहणार होती. आणि दाराशी, पटकन निघता येईल अशा खुर्चीवर, एक इराकी इंजिनिअर. सद्दामच्या तुरुंगातून सुटून आलेला.

यांतल्या कुठल्याही दोघांना समोरासमोर बसवून जगाबद्दल विचारलं असतं, तर भांडण ठरलेलं. पण ब्रिटिश विमानांनी बॉम्ब टाकू नयेत, हे सगळ्यांना मान्य होतं.

माझ्या वाक्याविरुद्ध सगळ्यात नीट बोलला तो पोस्टमन. तो म्हणाला, “वाक्य खरं आहे. माझं त्याच्याशी काही भांडण नाही. पण हा कागद आपण कुणाला पाठवतोय? आपल्या खासदाराला. तालिबान आपल्या मतांवर निवडून येत नाहीत, ब्लेअर येतात. आपला शब्द जिथे चालतो तिथे तो खर्च करू या.” मग तो असंही म्हणाला की आज तालिबान घातलं, तर पुढच्या आठवड्यात कुणी चेचन्या घालायला सांगेल, कुणी काश्मीर, कुणी इस्राएल, प्रत्येक वाक्य खरं असेल आणि प्रत्येक वाक्यागणिक खोलीतून दोन माणसं कमी होतील.

मी म्हटलं होतं, की आपण जे बोलत नाही तेही लोक ऐकतात. काबूलमधल्या एखाद्या बाईने हा कागद वाचला तर ती त्यात स्वतःला शोधेल आणि तिला ती सापडणार नाही.

आजही मला आम्हा दोघांचंही म्हणणं खरं वाटतं. ठराव त्याचाच बरोबर होता. पण माझी बोचही खोटी नव्हती, आणि ती मतदानाने संपली नाही. आजींनी मार्ग काढला. ठराव सगळ्यांचा, टेबल मात्र लांब असतं, म्हणाल्या. तुला जे म्हणायचंय ते तुझ्या नावाने लिही आणि त्याच टेबलावर ठेव.

मग मी ‘रावा’बद्दल एक पत्रक लिहिलं. अफगाण स्त्रियांची ही संघटना मीना नावाच्या तरुणीने १९७७ साली काबूलमध्ये काढली. १९८७ साली क्वेट्टामध्ये तिचा खून झाला. तालिबानच्या काळात या बायका घरांतून चोरून मुलींच्या शाळा चालवत होत्या. आणि त्याच बायका अमेरिकेच्या बॉम्बफेकीचाही निषेध करत होत्या, तालिबानशी लढणाऱ्या नॉर्दर्न अलायन्सच्या सरदारांवरही त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणजे मला जे एका वाक्यात बसवायचं होतं ते त्यांनी स्वतःच, कितीतरी जास्त हक्काने, म्हणून ठेवलेलं होतं. लॅबमधल्या मैत्रिणीच्या घरच्या प्रिंटरवर दोनशे प्रती काढल्या. पोस्टमनने पहिल्याच दिवशी तीस उचलल्या, सॉर्टिंग ऑफिसात वाटायला.

आणि मग नोव्हेंबर आला. १३ तारखेला काबूल पडलं. १७ तारखेला अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश रेडिओवरून अफगाण बायकांच्या हालअपेष्टांबद्दल बोलल्या, दोन-तीन दिवसांत इकडे शेरी ब्लेअर तेच बोलल्या. माझंच वाक्य. जवळजवळ शब्दशः. ज्या वाक्यासाठी मी सव्वा तास भांडले होते ते आता बॉम्बच्या बाजूने उभं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. वाक्य खोटं ठरलं नव्हतं, त्या बायकांचं दुःखही तेवढंच खरं होतं. पण वाक्य कुणाच्या तोंडी आहे, त्याच्या आधी काय येतं आणि नंतर काय होतं, याने त्याचा अर्थ किती फिरतो हे मी त्या आठवड्यात शिकले. रावाच्या बायकांनी दोन्ही गोष्टी एका दमात म्हटल्या होत्या, म्हणून त्यांचं वाक्य कुणाला पळवता आलं नाही.

लॉरा बुश बोलल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १८ नोव्हेंबरला, रविवारी मोर्चा होता. हाइड पार्कवरून ट्रॅफल्गर स्क्वेअर. काबूल पडल्यावर कोण येणार असं आमच्यातल्या निम्म्यांना वाटत होतं. आयोजक एक लाख म्हणाले, पोलिसांचा आकडा त्याहून फार खाली होता. मी मोजले नाहीत. रमजानचे पहिलेच दिवस होते. चारच्या सुमाराला उजेड गेला, नेल्सनच्या खांबाखालच्या गर्दीत अजान झाली, आणि लोकांनी तिथेच रोजा सोडला. चाचांनी व्हॅनमधून खजुराची खोकी आणली होती. एक खोकं आजींच्या हातात, एक माझ्या. लोकरीच्या हातमोज्यांना खजूर चिकटत होते म्हणून आजींनी मोजे दातांनी ओढून काढले आणि उघड्या, थंडीने लाल झालेल्या बोटांनी त्या खजूर वाटत राहिल्या. पोस्टमन एक खजूर हातात धरून तसाच उभा. रोजा नसताना खावा की नाही, याने कुणाचा अपमान तर होणार नाही, असा त्याला प्रश्न. चाचा त्याला म्हणाले, “खाओ भाई, भूक सबकी एक है.” मी त्याला इंग्रजीत सांगितलं. त्याने खाल्ला आणि बी कुठे टाकायची म्हणून ती खिशात ठेवली.

त्या दिवसानंतर मशिदीची माणसं बैठकीला एकटी-दुकटी येईनात, सहा-सात जण यायला लागले. बायकाही.

तिसऱ्या ओळीबद्दलही सांगायला हवं, कारण नागरी स्वातंत्र्याची ती ओळ मला सुरुवातीला नुसती भरीची वाटली होती. डिसेंबर २००१ मध्ये संसदेने नवा दहशतवादविरोधी कायदा केला. दहशतवादाचा संशय असलेल्या आणि मायदेशी धाडता न येणाऱ्या परदेशी नागरिकाला खटला न चालवता बेमुदत कोठडीत ठेवायची त्यात सोय होती. परदेशी नागरिक. मी तेव्हा व्हिसावर होते. माझ्यावर कोण संशय घेणार, असं मी घरी म्हणत होते; तरी पुढच्या मोर्चाला निघताना पासपोर्टची झेरॉक्स पर्समध्ये टाकली आणि वकिलाचा फोन नंबर हातावर लिहून घेतला. २००४ च्या डिसेंबरमध्ये लॉर्डांच्या सर्वोच्च न्यायपीठाने ती कोठडी मानवी हक्कांच्या विरुद्ध ठरवली. तोवर माणसं तीन वर्षं आत होती.

आघाडीत सगळं गोडीगुलाबीचं होतं असं चित्र मला उभं करायचं नाही. आमच्या गटात एका छोट्या डाव्या पक्षाचे चौघं होते. पहाटे सहाला स्टेशनबाहेर पत्रकं वाटायला, पावसात फलक बांधायला, खुर्च्या उचलायला सगळ्यात आधी तेच. त्यांच्याशिवाय पहिला हिवाळा आम्ही काढूच शकलो नसतो. पण मतदानाच्या वेळी त्यांचे चार हात एकाच क्षणी वर जायचे, आणि कळायचं की निर्णय दुसऱ्या कुठल्यातरी खोलीत आधीच झालेला आहे. आमची चर्चा नुसती ऐकून घेण्यापुरती. याने बाकीच्या लोकांचा जेवढा उत्साह गेला तेवढा सरकारच्या कुठल्या भाषणाने गेला नाही. दोन क्वेकर बहिणींपैकी धाकटी त्यामुळेच यायची बंद झाली. पुढे आम्ही नियम केला: पक्षाची वर्तमानपत्रं दाराबाहेर विकायची, आणि कुठल्याही प्रश्नावर मत घेण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने एक मिनिट बोलायचं. तेवीस जण असले तर तेवीस मिनिटं. बैठका लांबल्या. पण तिसऱ्या-चौथ्या बैठकीपासून त्या चौघांपैकी एका मुलीचा हात इतर तिघांबरोबर वर जाईना. ती ऐकायला लागली होती.

२००२ च्या उन्हाळ्यात इराकचं नाव रोज कानावर येऊ लागलं आणि आघाडीपुढचा सगळ्यात अवघड प्रश्न आला. मुस्लिम असोसिएशन ऑफ ब्रिटनने सप्टेंबरच्या शेवटी पॅलेस्टाइनसाठी मोर्चा ठरवला होता, आघाडीला त्याच सुमाराला इराकवरचा मोर्चा हवा होता. दोन मोर्चे की एक? शेवटी एकच, २८ सप्टेंबरला, दोन घोषणांचा: इराकवर हल्ला नको, पॅलेस्टाइनला स्वातंत्र्य. महत्त्वाचं म्हणजे ती संघटना आघाडीत विलीन झाली नाही, बाजूला बरोबरीने उभी राहिली. मला हा त्या काळातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. चाचा सांगायचे की मशिदीतल्या वडीलधाऱ्यांना भीती होती, डाव्यांमध्ये मिसळलो की आपण कोण हेच उरणार नाही. डाव्यांपैकी काहींना उलटी भीती, की आपल्या मोर्चाचं प्रवचन होईल. दोन घरांनी मधली भिंत तशीच ठेवली आणि तिला एक दार पाडलं, तसं ते झालं.

आमच्या खोलीत मात्र ते इतकं सोपं नव्हतं. एका ज्यू डॉक्टरची विधवा आमच्याकडे नियमित यायची, हिशेब तीच ठेवायची. तिच्या आईचं सगळं माहेर पोलंडमध्ये मारलं गेलेलं. ती म्हणाली, इराकच्या घोषणेखाली मी पहिल्या रांगेत चालेन. दुसऱ्या घोषणेचा अर्थ मी आणि शेजारचा माणूस एकच घेतो की नाही, हे मला माहीत नाही. तिने आवाज चढवला नाही. चाचांनीही नाही. त्यांनी फक्त विचारलं, “आपको क्या कहना है, आप लिखिए.” तिने तिच्या फलकावर लिहिलं: दोन्हीकडच्या लेकरांसाठी. आमच्या गटाच्या बॅनरवर फक्त भागाचं नाव आणि ‘युद्ध नको’ एवढंच राहिलं. ती त्याची डावी काठी धरून चालली, चाचांचा धाकटा मुलगा उजवी.

मोर्चाच्या चार दिवस आधी, २४ सप्टेंबरला, सरकारने ते कुप्रसिद्ध दस्तऐवज काढलं होतं: सद्दामची काही शस्त्रं पंचेचाळीस मिनिटांत सज्ज होऊ शकतात. ट्यूबमध्ये प्रत्येकाच्या हातातल्या पेपरवर तो आकडा. आमचा इराकी इंजिनिअर पहिल्यांदाच दाराजवळची खुर्ची सोडून पुढे येऊन बोलला. “सद्दाम जावा असं या खोलीत माझ्याइतकं कुणालाच वाटत नसेल,” तो म्हणाला. “त्याने माझी नखं काढली आहेत. पण मोसुलमध्ये माझी आई राहते. तुमचा बॉम्ब तिला विचारणार नाही की तू कुणाच्या बाजूची.” त्याने हात वर केला नव्हता, तरी आम्ही सगळ्यांनी त्याची बोटं पाहिली. २८ तारखेला आयोजक चार लाख म्हणाले, पोलीस दीड लाख.

त्यानंतर सगळं भराभर झालं. नोव्हेंबरमध्ये फ्लॉरेन्सला युरोपियन सोशल फोरम भरला, तिथून एकाच दिवशी युरोपभर मोर्चे काढायची हाक आली, आणि तारीख १५ फेब्रुवारी ठरली. जानेवारीत स्कॉटलंडमधल्या मदरवेलच्या दोन इंजिनचालकांनी दारूगोळ्याची मालगाडी हलवायला नकार दिला. ती बातमी पोस्टमनने बैठकीत वाचून दाखवली आणि वाचल्यावर बराच वेळ कागद खाली ठेवला नाही. सांस्कृतिक मंत्री टेसा जॉवेल यांनी गवत खराब होईल म्हणून हाइड पार्क द्यायला आधी नकार दिला. लोक इतके चिडले की आमच्याकडे आठवडाभरात सत्तर नवी माणसं आली.

१५ फेब्रुवारीबद्दल खूप लिहून झालंय. मी स्वयंसेवक होते, गॉवर स्ट्रीटवर. एक रांग तिथून, दुसरी एम्बँकमेंटवरून, आणि पिकॅडिली सर्कसला दोन्ही मिळायच्या. पोलीस निदान साडेसात लाख म्हणाले, आयोजक पंधरा ते वीस लाख. आमच्या बॅनरमागे मी तीनशे चाळीसपर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. माझं काम एका वळणावर उभं राहून लोकांना डावीकडे राहा सांगायचं होतं. ते मी सात तास केलं. हाइड पार्कला पोचले तेव्हा अंधार पडला होता, भाषणं संपली होती, लोक फलकांच्या काठ्या पेटवून शेकत होते. मला त्याची खंत नाही.

१८ मार्चच्या रात्री संसदेत युद्धाच्या बाजूने ४१२, विरोधात १४९ असं मतदान झालं. सरकारविरुद्धच्या दुरुस्तीवर लेबरचे १३९ खासदार फुटले होते, तरी पुरले नाहीत. २० तारखेला इराकवर हल्ला सुरू झाला आणि त्याच दिवशी शाळेतली मुलं वर्ग सोडून, गणवेशात, पार्लमेंट स्क्वेअरकडे निघाली. या युद्धाची चौकशी करणाऱ्या चिलकॉट समितीने २०१६ च्या जुलैमध्ये म्हटलं की शांततेचे मार्ग तेव्हा संपलेले नव्हते, युद्ध हा शेवटचा उपाय नव्हता. तेरा वर्षं लागली. तोवर ब्रिटनचेच १७९ सैनिक आणि लष्करी कर्मचारी इराकमध्ये गेले होते. इराकी माणसांची तर मोजदादच नीट झाली नाही.

पण मला २६ मार्चच्या बुधवारचं सांगायचंय. खोली भरलेली, माणसं भिंतीला टेकून उभी. पहिलाच विषय: आता ठरावात काय लिहायचं? युद्ध थांबवा म्हणत राहायचं की नवं काही? आणि तेव्हा एक बाई उठली. पन्नाशीची, सुपरमार्केटचा गणवेश कोटाखाली तसाच. आधी कधी आलेली नव्हती. तिचा मुलगा बसराच्या बाजूला होता, एकोणीस वर्षांचा. म्हणाली, “मला एक वाक्य घालायचंय. आमच्या मुलांच्या विरुद्ध आम्ही नाही, असं.”

खोलीत कुजबुज सुरू झाली. मला ते आवाज ओळखीचे होते. आता पोस्टमन उठेल आणि म्हणेल की वाक्य खरं आहे, पण. तो उठला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. नियमाप्रमाणे एकेक मिनिट सुरू झालं. भिंतीजवळच्यांचंही. इराकी इंजिनिअरची पाळी आली तेव्हा सगळे गप्प झाले. सहा दिवस त्याचा मोसुलला फोन लागलेला नव्हता. तो म्हणाला, “तिचा मुलगा घरी आला, तर माझ्या आईच्या गल्लीत एक बंदूक कमी.”

तिथून वाक्य तयार झालं. तिचं नव्हतं, त्याचंही नव्हतं. सैन्य परत आणा. त्या बाईने ते दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. “यात माझा मुलगा आहे,” ती म्हणाली. मतदान घ्यावं लागलं नाही.

सह्यांचा कागद फिरवला. इंजिनिअरने सही केली आणि पेन पुढे न टाकता, खुर्च्यांमधून वाट काढत, तिच्या हातात नेऊन दिलं. पेन चालेना. आजींनी ते घेऊन कागदाच्या कोपऱ्यावर गिरवलं, शाई उतरवली आणि परत दिलं. मी वहीत वेळ लिहिली: नऊ वाजून दहा मिनिटं. खाली ग्रंथपाल दिवे मालवत होता.